वयनींचा रक्तगट

वयनींचा राग ताटावरून सुरू व्हायचा. जेवून उठलेल्या माणसाकडे त्या बघायच्याच नाहीत, त्याच्या ताटाकडे बघायच्या. ताटात भाताची चार शितं राहिली असली तरी कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "ह्या कोनासाठी ठेवलास? माज्या तेराव्यासाठी?" मग तो माणूस, मग तो कंपनीतला सुपरवायझर का असेना, मुकाट्यानं परत पाटावर बसायचा आणि ती शितं वेचून खायचा. नवीन आलेला कोणी हसला तर त्याला दुसऱ्या दिवशी दुप्पट भात वाढला जायचा, आणि तो संपेपर्यंत वयनी त्याच्या पुढ्यात उभ्या.

रोह्यात स्टेशनच्या मागल्या अंगाला पत्र्याची पडवी काढून त्यांनी खानावळ घातली होती. ज्यांनी त्या वर्षांत कंपनीत शिफ्टा काढल्या आणि भाड्याच्या खोलीत चौघं-पाचजण मिळून दिवस ढकलले, त्यांना अशी एखादी वयनी आठवत असेलच. आमच्या वयनींचा नवरा कंपनीत ऑपरेटर होता, सगळे त्याला भाऊ म्हणत. तो हृदयविकारानं अचानक गेला. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर त्याच्या शिफ्टमधले सहाजण भेटायला गेले, तर या बाईनं रडता रडता त्यांच्यासाठी भात टाकला. "डबं कोन देतं रं तुमाला आता? उद्यापास्नं इकरं या," असं म्हणाल्या, आणि त्या सहांचे तीस झाले.

मूळच्या त्या धरमतरच्या खाडीकडच्या, मिठागरावरच्या. महिन्यातून एकदा पॅसेंजर पकडून पेणला उतरायच्या, माहेरी जायच्या आणि येताना टोपलीभर सुकी मासळी, सुकट, वाकट, जवळा आणि पिशवीभर जाडं मीठ घेऊन यायच्या. दुकानातलं मीठ त्यांच्या घरात कधी आलं नाही. "त्या मिठाला नुसता खारटपना हाय, चव नाय," असं म्हणायच्या. माणसांची नावं त्या लक्षात ठेवत नसत, काम लक्षात ठेवत. म्हणून कोणी बॉयलरवाला, कोणी स्टोरवाला, गुरव नावाचा फिटर तेवढा गुरवच, कारण त्याच्याशी भांडताना नाव लागायचं. मी प्रयोगशाळेत केमिस्ट. मी लॅबवाला.

मला तिथे येऊन वर्ष झालं असेल, तेव्हा कावीळ झाली. घरी कळवलं नाही. आई एकटी होती. तीन आठवडे वयनींनी माझ्यासाठी वेगळी पेज शिजवली. खोलीवर स्वतः घेऊन यायच्या आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत दारात उभ्या राहून मला शिव्या द्यायच्या. "डोले बघ, हळदकुंकवाला जायाला निघाल्यासारखं झालंत." त्या शिव्यांनी मी बरा झालो असं मी तेव्हा गमतीनं सगळ्यांना सांगायचो. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे मी केलं ते कोणाच्या बाबतीत केलं, हे आधी कळायला हवं.

कावीळ गेली, पण पोट नाजूक राहिलं. त्याच सुमारास पेणमध्ये एक गृहस्थ रक्तगटाप्रमाणे आहार सांगतात, असं ऐकून मी गेलो. सगळे त्यांना सर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. आधी औषधांचे नमुने घेऊन दवाखाने फिरायचे. बोलणं मात्र असं, की समोरच्याला आपण आजवर अंधारात होतो असं वाटावं. त्यांच्याकडे एक झेरॉक्स तक्ता होता. ओ गटाचे लोक मूळचे शिकारी, त्यांनी मांस खावं. ए गटाचे शेतकरी, त्यांनी मांस-मासळी सोडून धान्य-भाज्या खाव्यात. बी गटाला दूधदुभतं मानवतं. एबीनं थोडं हे, थोडं ते. मी बी. मी ताक-दही वाढवलं, तिखट-तेलकट कमी केलं आणि महिन्याभरात पोट सुधारलं. तिखट-तेलकट कमी केल्यावर कोणाचंही सुधारतं. पण मला तो तक्ता लागू पडला असं वाटलं आणि मी पेटलो.

कंपनीत माझी ख्याती अशी होती, की नमुना तपासल्याशिवाय मी एक ड्रम हलू देत नसे. मॅनेजरनं दटावलं तरी नाही. आणि तोच मी, एका झेरॉक्सच्या कागदावर, एकही प्रश्न न विचारता, तीस माणसांची जेवणं बदलायला निघालो. रक्तगट आणि जेवण यांचा असा संबंध असल्याचा पुरावा तेव्हा नव्हता, आजही नाही. हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नसतं. मला जायचं नव्हतं. पहिल्यांदाच चार माणसं मान वर करून माझं ऐकत होती.

कंपनीतल्या रक्तदान शिबिरामुळे बहुतेकांकडे गटाची कार्डं होती. मी पडवीतल्या भिंतीवर तक्ता चिकटवला. पंधरा दिवसांत पंगतीचं रूप पालटलं. ओ गटाचे मटणाच्या वाटीकडे हक्कानं बोट दाखवू लागले. गुरव ओ होता, तो म्हणायचा, "वयनी, मी शिकारी आहे, मला नळी द्या." ए गटाचे दोघं-तिघं दुधीच्या भाजीकडे बघून उसासे टाकायचे.

वयनी सुरुवातीला भडकल्या होत्या. "काय रं लॅबवाल्या, जात कमी परली का, का आनखी चार पंगती मांरतस?" आणि मग कढईत कालथा आपटून, "रगताला काय त्वांड हाय? त्यो तुला येऊन सांगतं, मना वांगा नको म्हनून?"

तीस जणांत एवढा साधा प्रश्न विचारणारी ती एकच बाई होती. मी हसून म्हणालो, "वयनी, हे शास्त्र आहे." शास्त्र म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. मला त्यांचं गप्प होणं आवडलं.

त्या पावसाळ्यानंतर वयनी थकल्यासारख्या दिसू लागल्या. महिन्याची माहेरची फेरीही बंद पडली. पाण्याची कळशी उचलताना मध्येच टेकवायच्या. ओट्याला धरून उभ्या राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "लॅबवाल्या, कंबर मोरतंय रं. शिरी चढली का छातीत धाप लागतं. तुज्या कागदात काय हाय का माज्यासाठी?"

हे वाक्य मी अनेक वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. शिव्या देऊन मला बरं करणारी बाई पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागत होती. मी म्हणायला हवं होतं, चला, दवाखान्यात जाऊ. मी म्हणालो, "तुमचा गट कोणता?"

"ए. कार्ड हाय घरात."

"मग मासळी बंद करा," मी म्हणालो. "मटण, कलेजी, सगळं बंद. तेच अंगात साठतंय तुमच्या."

खाडीकाठच्या माणसाला मासळी सोड म्हणणं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी हा त्यांचा सकाळचा नेम. चिंबोरीचं कालवण असलं की त्या आम्हाला वाढून झाल्यावर एकट्या बसून, डोळे मिटून नांगी फोडायच्या, तेव्हा त्यांच्याशी बोलायची कोणाची हिंमत नसे. त्या बाईनं दुसऱ्या दिवसापासून सगळं सोडलं. आमच्यासाठी बोंबील तळायच्या आणि स्वतः भोपळ्याच्या फोडी घेऊन बसायच्या. गुरव म्हणाला, "वयनी, एखादा तरी खा." त्यावर त्या त्याच्यावर उखडल्या, "त्यो शिकलेला पोरगा सांगतं त्याला काय अक्कल नाय, नि तुला हाय? पाना फिरव तू."

मग त्या कच्चे तांदूळ खाऊ लागल्या. निवडायला घेतलेल्या सुपातले मूठभर तांदूळ तोंडात टाकून दिवसभर चावायच्या. पुढे एका डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, की अंगातलं रक्त फार कमी झालं की काहींना असं कच्चं खावंसं वाटतं. तेव्हा मी काय केलं? मी खूश झालो. ए गटाला धान्य मानवतं, शरीर आपणहून मागतंय, असं मी पंगतीत सगळ्यांना दाखवून दिलं. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, तळहात पांढरे पडले होते, आणि मी त्यांच्या तोंडातल्या तांदळांवर भाषण देत होतो.

दोन महिने असे गेले. एके दिवशी विजेच्या मीटरचा काही कागद आला होता, तो वाचून दाखवायला त्यांनी मला आत बोलावलं. कागदपत्रांचा बिस्किटांचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्यात ते रक्तगटाचं कार्ड होतं. ए पॉझिटिव्ह. वर नाव त्यांच्या नवऱ्याचं.

मी म्हणालो, "वयनी, हे तर भाऊंचं कार्ड आहे. तुमचं कुठे आहे?"

"त्योच की."

"त्यांचा गट ए होता. तुमचा?"

वयनी माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू मलाच काही समजत नाही. "लगीन झाल्यावं बाईचा आरनाव बदलतं. कुल बदलतं, देव बदलतं. माज्या बापाचा देव मी तिकरंच ठेवून आलंय. मंग गट काय त्यवरा माहेरचा ऱ्हातं?"

त्यांच्या आवाजात जराही संकोच नव्हता. बाईच्या बाबतीत सगळं जसं होतं, तसंच हेही. नवरा गेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या चार वस्तूंमधला तो गट एक होता, आणि तो त्या पाळत होत्या. मासळी सोडणं त्यांना इतकं सहज कसं जमलं, हे मला त्या क्षणी कळलं. माझ्या तक्त्यापेक्षा त्या कार्डावरच्या नावाचा त्यात वाटा मोठा होता.

मी डबा बंद केला. "बरं," एवढंच म्हणालो.

आता खरं सांगतो. मी तेव्हा गप्प बसलो, ते त्यांचं मन दुखावेल म्हणून नव्हे. पुढच्याच रविवारी पेणला एका कार्यालयात सरांचं व्याख्यान होतं आणि त्यात मी दहा मिनिटं बोलणार होतो. वयनी माझं उदाहरण होत्या. खाडीकाठची बाई, जन्मभर मासळी खाल्लेली, रक्तगट कळल्यावर सोडली आणि सुधारली. हे भाषण मी लिहून पाठ केलं होतं. चुकीचा गट निघाला असता तर उदाहरण गेलं असतं. बोटातून तीन थेंब घेऊन गट तपासायला दोन मिनिटं लागतात. मी स्वतःला म्हणालो, रविवार होऊ दे, मग बघू.

रविवारी आम्ही तिघं पॅसेंजरनं निघालो. वयनी, मी आणि गुरव. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि हातात जुन्या कापडांचं एक बोचकं होतं. नागोठणं येईपर्यंत त्या दोनदा उठून संडासात गेल्या. पेणला उतरल्यावर पुन्हा स्टेशनात थांबल्या. मला उशीर होत होता. मी घड्याळ बघत चडफडत होतो. गुरव हळूच म्हणाला, "बाईचा चेहरा बघ रे, मेणासारखा झालाय." मी म्हणालो, "प्रवासाची सवय नाही त्यांना." जी बाई दर महिन्याला त्याच गाडीनं माहेरी जायची, तिला.

व्याख्यानात मी त्यांना मंचावर बोलावलं. माईकसमोर उभ्या राहिल्यावर त्यांनी आधी लोकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. सांगायचं काय ते मी काही शिकवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "या पोरानं मना सांगितला, मासली सोर. मी सोरली. मना आता लय बरा हाय. त्याच्या आईला सांगा कोनतरी, पोरगा हुशार निंगाला." लोक हसले, टाळ्या वाजल्या. त्या उतरताना पायरीवर बसल्या. मी समोरच्या रांगेकडे बघत होतो.

त्या खोटं बोलल्या होत्या, आणि माझ्यासाठी बोलल्या होत्या. एका परक्या मुलाचा चार लोकांत मान राहावा म्हणून.

व्याख्यानानंतर त्या म्हणाल्या, इतक्या लांब आलोच आहोत तर माहेरी डोकावून जाऊ. टेम्पोनं गेलो. भाऊ हिरामण, त्याची बायको, खाजणाच्या बांधाला लागून घर. बहीण त्या दिवशी पेणला येणार हे बाजारात कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून हिरामणनं खाडीतला मानाचा मासा, जिताडा, आणून ठेवला होता. खाडीकडच्या घरात पाहुण्यासाठी जिताडा शिजणं ही काय गोष्ट असते, हे रायगडातल्या वाचकाला सांगायला नको. भावजयीनं तुकड्यांनी भरलेली वाटी पुढे ठेवली. वयनींनी ती हातानं मागे सारली.

"मी सोरलंय. माज्या गटाला चालत नाय."

हिरामणला वाटलं, ती थट्टा करते आहे. मग त्याचा चेहरा बदलला. "कनचा गट? बापाच्या खारीतला मासा तुला चालत नाय? रोह्याला जाऊन भटीन झालीस का तू?"

"तुज्या बापाचा नाय, माज्या नवऱ्याचा गट हाय," असं म्हणत वयनी तरातरा उठल्या, भांडायलाच उठल्या, आणि उठता उठता आडव्या झाल्या.

भावजय धावली. तिनं लुगडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "गो बाय माजे! गो, किती दिसापास्नं चाललंय ह्या?" वयनी पुटपुटल्या, "पावसापास्नं." पावसाळ्यापासून ती बाई रक्त घालवत होती. पुरुषांच्या पंगतीत ती कोणाला सांगणार होती? कंबर मोडते, धाप लागते, एवढंच सांगता आलं. आणि तेवढंच तिनं मला येऊन सांगितलं होतं.

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि नर्सला धावायला लावलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "गट माहिती आहे का कोणाला?"

माझ्या शेजारी गुरव उभा होता. मला ठाऊक होतं, की वयनींचा गट कोणालाच ठाऊक नाही. माझ्या तोंडून निघालं, "ए पॉझिटिव्ह."

डॉक्टरबाईंनी अर्थातच स्वतः तपासल्याशिवाय रक्त दिलं नाही. त्यांचं काम त्या नीट करत होत्या. गट ओ निघाला. हिरामणचाही ओ. त्याचं रक्त दिलं. गुरवनं वयनींच्या बोचक्यातून कार्ड काढलं. लोकांना दाखवायला म्हणून त्यांनी ते बरोबर आणलं होतं. त्यानं नाव वाचलं, क्षणभर त्याला कळेना, आणि मग ताण सुटल्यामुळे असेल, तो खो खो हसायला लागला. "अरे, हे तर भाऊचं! वयनीनं नवऱ्याचा गट लावला! आडनावासारखा!" नर्स हसली. हिरामणही डोळे पुसत हसला. मीही हसलो.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. मासळी सोडल्याचं हिरामणनं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "हिमोग्लोबिन चारवर आलंय. एवढं रक्त जात असताना मासे-मटण बंद करायला यांना कोणी सांगितलं?"

गुरवनंच उत्तर दिलं. "हा आमचा लॅबवाला. पण त्याची काय चूक, डॉक्टर? बाईनं गटच चुकीचा सांगितला. ओ सांगितला असता तर यानं मासळी खा म्हणूनच सांगितलं असतं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली.

त्या मान हलवण्यावर मी आजवर जगत आलो. त्याचा मला जितका राग येतो तितका त्या पेणच्या सरांचाही येत नाही. ते दोन-तीन वर्षांनी गाशा गुंडाळून दुसऱ्या कसल्या तरी धंद्यात शिरले. त्यांच्यावर सगळं ढकलून मोकळं व्हायचं मी खूपदा ठरवलं, पण वयनींना मासळी सोडायला त्यांनी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. आणि वयनींचा गट खरोखरच ए असता तरी काय झालं असतं? तेच झालं असतं. तितकंच रक्त गेलं असतं, तितकीच धाप लागली असती. चूक कार्डात नव्हती, तक्त्यात होती. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मला हे कळलं होतं. कळूनही मी तो किस्सा चालू दिला.

किस्सा जोरात चालला. कंपनीच्या कँटीनमध्ये, शिफ्टच्या बसमध्ये, कोणाच्या निवृत्तीच्या जेवणात. 'नवऱ्याचा गट लावणारी बाई' म्हणून तो मुंबईपर्यंत गेला असेल. आता मोबाइलवर तो नाव बदलून माझ्याकडेच येतो, खाली हसऱ्या तोंडांची रांग. लोक म्हणतात, केवढं हे अडाणीपण! मला विचारावंसं वाटतं, अडाणी कोण? लग्नात आडनाव, कुळ, देव, सगळं हिसकावून घेतल्यावर गटही गेला असेल असं समजणारी बाई? तिनं निदान जगानं तिला जे शिकवलं त्यावरूनच पुढचा हिशोब केला. का विज्ञानाची पदवी घेतलेला मी, ज्यानं रक्त जात असलेल्या बाईच्या तोंडचा घास काढला? माझ्यावर किस्सा झाला नाही. माझ्या पदवीनं मला वाचवलं, आणि तिच्या लुगड्यानं तिला हास्यास्पद केलं. मी जिथे जिथे हा किस्सा ऐकला तिथे तिथे हसलो. नंतर नंतर नुसता बाहेर निघून जायला शिकलो. त्याला मी स्वतःशी निषेध म्हणत असे.

वयनींचं ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं. त्या वाचल्या. पण तीस माणसांचं रांधण्याची ताकद पुन्हा आली नाही. हिरामणनं त्यांना माहेरीच ठेवून घेतलं आणि रोह्याची पडवी बंद झाली. तिथे काही दिवस तो तक्ता भिंतीवर तसाच होता. मी तो काढायलाही गेलो नाही. पुढे सहा-सात वर्षांनी त्या गेल्या. कशानं, ते मला नीट कळलं नाही. माझ्यामुळे गेल्या असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर उगाच मोठं पाप कबूल केल्यासारखं होतं आणि जे खरोखर केलं ते झाकलं जातं.

ते असं. ऑपरेशननंतर दोनेक महिन्यांनी मी त्यांना भेटायला गेलो. एकदाच. सकाळची वेळ होती, वयनी ओटीवर उन्हात बसून जवळा निवडत होत्या. अंगानं निम्म्या झालेल्या. मला बघताच ओरडल्या, "आलास? मना वाटला मेली का जित्ती हाय ते बगाया कोनी येतंय का नाय!" जुना आवाज ऐकून मला बरं वाटलं. भावजयीला हाक मारून त्यांनी भाकरी टाकायला लावली, आणि मी जेवायला बसल्यावर समोर बसून ताटाकडे बघत राहिल्या. बाकीच्यांची एकेक करून चौकशी केली. बॉयलरवाला, स्टोरवाला. गुरव किस्से सांगत फिरतो तेही त्यांच्या कानावर आलं होतं. "हसूं दे," म्हणाल्या.

मग त्या बोटांनी जवळ्यातला कचरा बाजूला करत राहिल्या. खाली बघतच म्हणाल्या, "लॅबवाल्या, तुला एक सांगाचा ऱ्हायला."

"काय?"

"माज्यामुलं तुजा शास्त्र खोटा परला. मी अडानी बाई. मना ठाव असता त सांगितला नसता त्यो गट. तुजा लोकांत नाव झालेला, ता माज्यापायी गेला." मग माझ्याकडे बघितलं. "मना लय वाईट वाटतंय रं. राग धरू नको."

बाहेर हिरामण जाळं वाळत घालत होता. भावजय चुलीपाशी होती. कोणी ऐकत नव्हतं. खरं सांगायला मला यापेक्षा सोपी जागा कुठे मिळणार होती? एवढंच म्हणायचं होतं, वयनी, तुमचं काही चुकलं नाही, तो कागदच खोटा होता, कार्ड दुसऱ्याचं आहे हे मला ठाऊक होतं, आणि त्या रविवारी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात तेही मला ठाऊक आहे. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या आणि मी सुटलो असतो.

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणालो, "असू दे, वयनी. होतं असं."

आणि त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी त्यांना माफ केलं म्हणून.